भोसरीची हवा खाणारे जहाजाचे इंजिन

मित्रांनो, मी जहाजाचे एक जुने इंजिन आहे. जुने असूनही मला गंज नाही, कारण मी लोखंडाचे नाहीच. भोसरीतल्या एका कारखान्यात, तनुजाताईंच्या संगणकात आकड्यांचे मॉडेल म्हणून मी राहते. माझे तीन मजली थोरले भावंड खऱ्या जहाजावर रत्नागिरीच्या समुद्रात फिरते. त्याच्या धुरावर युरियाचे पाणी किती फवारले म्हणजे विषारी वायू कमी होईल, हे आधी माझ्यावर करून बघतात.

कारखान्याचे मालक मारुतराव, भोसरीतल्याच जुन्या शेतकरी घरातले. पहिल्याच दिवशी पडद्यात डोकावून म्हणाले, "जहाजाला युरिया? आन् वर ऊस लावलाय व्हय?" सगळे हसले. मीही हसले असते, पण ताईंनी माझ्यात ती सोय ठेवलेली नाही.

सुरुवातीला माझे भारी कौतुक झाले. पाहुणे आले की मला पडद्यावर गोल फिरवून दाखवत. मग खऱ्या जहाजावरून आकडे येऊ लागले आणि माझे ग्रह फिरले. माझ्या हिशेबात विषारी वायू नेहमी जास्त, खऱ्या धुरात कमी! ताईंनी इंधन तपासले, झडपा तपासल्या. मी आपले ढिम्म.

"न्हाई जमत तर पुसून टाका त्याला," मारुतराव वैतागले. "सोमवारी बाहेरनं तयार मॉडेल आणू."

ताईंचे डोळे भरले.

त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरची स्वरूपा सुट्टी संपवून रत्नागिरीहून आली. तिने चिवड्याचा डबा पुढे केला. "घे गं, पण सादळलाय. गावी डबा जरा उघडा राहिला. समुद्राची हवा ना!"

ताईंचा घास तोंडातच राहिला. "अगं, इथे तर दिवसभर उघडा असतो, तरी कुरकुरीत!"

त्यांनी घाईने माझी हवेची नोंद उघडली. पूर्वी मी याच कारखान्यातल्या जनरेटरचे मॉडेल होते. जहाजासाठी बाकी सगळे बदलले, हवा मात्र भोसरीच्या उन्हाळ्यातली, कोरडी ठणठणीत राहिली. हवा दमट असली की आतली आग थोडी थंड जळते आणि तो वायू कमी होतो. मी बिचारे भर समुद्रात भोसरीची हवा खात होते!

ताईंनी रत्नागिरीची हवा भरली. आयुष्यात पहिल्यांदा मी समुद्रावरचा श्वास घेतला. आकडे जुळले. मला फार फार आनंद झाला. मारुतरावांनी चिवड्याचा बकाणा भरला आणि म्हणाले, "सादळलेला असला तरी गुणाचा हाय, राव."

मित्रांनो, कोणी सारखे चुकत असेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी तो कुठली हवा खातो ते बघा. आणि काही पुसायचेच असेल, तर चिवडा खाल्लेले हात पुसा. मला राहू द्या.