पाणपोईवालीची गोष्ट, शेवटासकट

सोनाजी कंडक्टरनं आयुष्यात दोनच गोष्टी जीव लावून वाजवल्या, एसटीची घंटी आणि टाळ. घंटी हिंगोली आगाराची, टाळ पांडुरंगाचे. ड्युटी संपवून गावात पाऊल टाकलं आणि मारुतीच्या देवळातून मृदंग ऐकू आला, की माणूस घरी न जाता खाकी कपड्यांवरच टाळकऱ्यांच्या ओळीत उभा राहायचा. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. गोरेगावपासून सेनगावपर्यंत कुठंही कीर्तनाचा मांडव पडला, की सोनाजी तिथं हजर. महाराजांच्या उजव्या हाताचा पहिला टाळ त्याचा. बावीस वर्षांत ती जागा कुणी मागितली नाही आणि त्यानं कुणाला दिली नाही.

आणि करोनाच्या वर्षी मार्चमध्ये देवळाच्या दाराला कुलूप लागलं. सप्ताह रद्द झाला. गावाच्या तोंडाशी वाट अडवायला बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकले गेले. साठीच्या पुढच्यांनी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, असं पंचायतीचे लोक लाउडस्पीकरवरून सांगून गेले. घरात दोघंच, सोनाजी आणि रुक्माबाई. लेक अंगद पुण्यात अडकलेला.

अंगदनं तिकडून फोनवर कीर्तनं पाठवून दिली. सोनाजीनं चार दिवस ऐकली आणि फोन पालथा घातला.

"काहून?" रुक्माबाईनं विचारलं.

"महाराज वैराग्यावर आले, डोळ्यांत पाणी आलं, अन् मधीच सिमेंटची जाहिरात! अन् त्या महाराजाला मी दिसतच न्हाई. कुणाचा हुंदका आला म्हणून ते थांबत न्हाईत. कीर्तन असं असतंय व्हय?"

रुक्माबाई मेथी निवडत होती. म्हणाली, "अवो, मंग तुमीच करा की. जन्मभर ऐकत आलात. मी बसते समोर."

"मी टाळकरी मानूस. उभं राहायचं म्हंजे अधिकार लागतो."

"मी कुठं मोठी शास्त्री लागून गेले? करा."

असं ते सुरू झालं. तुळशीपाशी दिवा लागला, की ओसरीवर सोनाजी उपरणं घेऊन उभा राहायचा. समोर सगळी सभा म्हणजे रुक्माबाई आणि तिच्या मांडीवरची भाजीची परडी. टाळही त्याचाच, निरूपणही त्याचंच. पहिल्या दिवशी लाजला, दुसऱ्या दिवशी घसा खाकरला, तिसऱ्या दिवशी अंगणाच्या भिंतीपलीकडून शेजारची मदीनाबी म्हणाली, "भाऊ, जरा खड्या आवाजात म्हना की. इकडं अर्धंच ऐकू येऊन राहिलंय." मग कुठं आवाज मोकळा झाला.

पाचव्या दिवशी त्यानं गावच्या सप्ताहाला येणाऱ्या महाराजांचं लाडकं आख्यान घेतलं, पाणपोईवालीचं. घाटाच्या तोंडाशी एक गरीब बाई पाणपोई चालवते. दोन कोसांवरून घागर आणून रांजण भरते. एका वर्षी चैतातच विहिरी आटल्या. रांजणात एकच तांब्या पाणी राहिलं. बाईचा स्वतःचा घसा कोरडा पडलेला. तेवढ्यात एकीकडून घोड्यावर राजा आला, दुसरीकडून तहानेनं झोकांड्या खात एक गाढव आलं. आणि पाणपोईवाली तांब्या हातात धरून मधोमध उभी...

इथं महाराज नेहमी थांबायचे. उपरणं काढून कमरेला खोचायचे आणि विठ्ठलनामाचा गजर धरायचे. सारा मांडव डोलायचा. गजर उतरला की गोष्ट पुढं. सोनाजीनंही बराबर तसंच केलं. उपरणं खोचलं, टाळ उचलले.

आणि रुक्माबाई उठली. परडी बाजूला ठेवून आत निघाली.

"कुठं?"

"पीठ मळते."

"अगं, दोघांच्या चार पोळ्या! गोष्ट ऐन पेचात आलीय अन् तू..."

रुक्माबाई दारातच थबकली. स्वतःशीच हसली. "सवय हो. महाराजांनी उपरणं खोचलं की आमी बाया उठतो. गजरात कुणाला कळत न्हाई. तिथून धरलं तर आरतीपस्तोर पोळ्या होतात."

"दर वेळी?"

"मंग पंगत काय आपोआप बसते?"

"म्हंजे पाणपोईवालीचं पुढं काय झालं, तुला..."

"न्हाई ठाऊक. हिचंच काय, कुणाचंच न्हाई."

सोनाजी खाटेवर बसला. कोण कुठं चढलं आणि कुठं उतरणार, हे झोपेतही सांगणारा माणूस तो. आणि घरचं माणूस लग्नापासून बेचाळीस वर्षं अर्ध्या वाटेत उतरत होतं, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. उलट आरती झाली की पहिल्या पंगतीत बसून, "पोळी गरम येऊ द्या!" म्हणून आरोळी मारणाऱ्यांत त्याचाच आवाज मोठा असायचा.

"मंग तुमी बाया पुढचं काय समजायच्या?"

"आमचं आमी करायचो. लाटता लाटता." रुक्माबाई उंबऱ्यावर टेकली. "शकुबाई म्हणायची, राजालाच दिलं असंल, न्हाईतर मुंडकं उडवलं असतं. रूपाबाईचं म्हणणं गाढवाला. मी म्हणायचे, ती आधी सोता प्याली."

"सोता?" सोनाजीला हसू आवरेना. "अगं, भक्त बाई ती!"

"असंना. ती चक्कर येऊन पडली तर उद्याची घागर कोन आणील? राजा आणील का तुमचं गाढव? दोन घोट आधी सोता प्याली, मंग बाकीचं वाटलं. असंच असनार."

"अगं, तसं न्हाई. शेवट असा हाय की..."

रुक्माबाईनं हात आडवा केला. "थांबा. तुमच्या तोंडून नगं. इतके वर्षं थांबले, आता कोरडं काहून ऐकू? मृदंगावर ऐकीन. म्हाराजांच्या तोंडून, समोर बसून."

सोनाजी म्हणाला, "मंग माझा शब्द घे. देऊळ उघडलं की पहिल्या कीर्तनाला तू शेवटपस्तोर बसायचं. पोळ्या मी करतो."

"तुमी? अन् टाळ कोन धरंल?"

त्यानं टाळ जपून फडक्यात गुंडाळले.

पोळ्या शिकायला मात्र लागला. पहिली पोळी हिंगोली जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. रुक्माबाई म्हणाली, "एवढं सेनगाव जरा आत घ्या." पावसाळ्यात सोयाबीन हिरवंगार झालं तोवर पोळी गोल व्हायला लागली. गोल पोळी फुगली, की दोघं ती अर्धी अर्धी करून गुळाशी उभ्यानंच खायची. इतकी वर्षं संसार झाला, पण दोघांनी चुलीपाशी बसून एका वेळी कधी खाल्लं नव्हतं. तेही त्या वर्षी झालं. गाव बंद होतं, गावाला धाक होता, माणसं जात होती. आणि या घरात पोळी फुगली म्हणून आनंद होत होता. देवाजवळ सोनाजी त्याचीही माफी मागायचा.

गणपती गेले आणि रुक्माबाईला ताप भरला. तिसऱ्या दिवशी धाप लागली. मदीनाबीचा लेक नासेर याची जीप सहा महिने दारात उभी होती. त्यानं काही न विचारता तोंडाला रुमाल बांधला आणि दोघांना हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. रुक्माबाईला आत ठेवून घेतलं, सोनाजीला दारातून परत पाठवलं.

चौथ्या दिवशी फोनवर तिचा आवाज आला. दोन शब्द, मग दम, मग दोन शब्द. शेवट न ऐकताच ही गेली तर? त्यानं घाईनं म्हटलं, "रुक्मे, पाणपोईवालीचं सांगू का?"

पलीकडं तिनं दम गोळा केला. मग, "आत्ता सांगाल तर... मी येनारच न्हाई घरी. ठिवा फोन."

त्यानं फोन ठेवला आणि तुळशीसमोर लेकरासारखा रडला. संध्याकाळी टाळ मात्र वाजवले. भिंतीपलीकडं मदीनाबी थांबून होती, हे त्याला ठाऊक होतं.

अकराव्या दिवशी रुक्माबाई परत आली. निम्मी झाली होती, पण पांडुरंगानं परत धाडली. जीपमधून उतरता उतरताच म्हणाली, "अंगण कुणी झाडलं हो? कोपरे तसेच हायेत."

दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. कीर्तनाला मात्र माघ उजाडावा लागला. एकच दिवस, पन्नासच माणसं, तोंडाला मास्क. देवळाचे पंच सटवाजी यांनी पारावर कागद घेऊन नावं लिहिली आणि दरसालच्या सवयीनं वाचली, "टाळाला सोनाजी. सैपाकाला रूपाबाई, रुक्माबाई."

सोनाजीनं तोंड उघडलं. अकरा महिने ज्या जागेसाठी जीव तळमळला, ती जागा नावासकट कागदावर होती. त्यानं तोंड मिटलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा रुक्माबाई म्हणाली, "बरं." तेवढंच. पाट्यावर मसाला वाटायला बसली. तिनं टोमणा मारला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

कीर्तनाच्या दिवशी शिवारात हळद शिजत होती. सगळ्या गावाला तिचा वास. सोनाजी आपल्या जागी उभा राहिला. मृदंगावर थाप पडली, टाळाला टाळ लागला आणि त्याच्या अंगावर काटा आला. अकरा महिन्यांची धूळ झडून गेली. डोळे मिटून तो वाजवत राहिला. उघडले तेव्हा समोर, पार मागं, दाराजवळच्या खांबाला टेकून रुक्माबाई बसलेली दिसली. बाकी सगळ्यांनी मांडी घातली होती. तिचा एक पाय उठायच्या बेतात दाराकडं होता.

महाराजांनी निरूपण संपवलं आणि म्हणाले, "आज पाणपोईवालीची आठवण येते बाबांनो."

सोनाजीचे हात वाजवत होते, पण मन टाळात राहिलं नाही. घाट आला, रांजण आला, राजा आला, गाढव आलं. तांब्या हातात धरून बाई मधोमध उभी राहिली. महाराजांनी उपरणं कमरेला खोचलं. गजर उठला.

खांबापाशी रुक्माबाईनं गुडघ्यावर हात टेकला आणि ती उठली.

सोनाजीनं टाळ काढले, मागं उभ्या सटवाजीच्या हातात दिले आणि भर गजरात ओळ सोडून चालू लागला. महाराजांनीसुद्धा मान वळवून पाहिलं. दारात त्यानं रुक्माबाईला गाठलं.

"बस."

"अवो, लोक बघून राहिले..."

"बघू दे. तुझा स्टॉप अजून आला न्हाई. बस, बस. मांडी घालून."

ती बसली. तो पायऱ्या उतरून देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. तिथं रूपाबाई एकटीच पोळपाटाशी होती.

"भाऊजी! वाट चुकले का?"

"न्हाई. ड्युटी बदलली. लाटणं दे."

रूपाबाईनं त्याची पहिली पोळी तव्यावर पडेस्तोवर हसू दाबलं, मग म्हणाली, "गोल हाय की हो! आमचे मालक तर पाणीसुद्धा मागून पितात."

चूल भडभडत होती. धुरानं डोळे चुरचुरत होते. सोनाजी कान देऊन ऐकत होता. गजराचा मृदंग पत्र्यातून यायचा, टाळ यायचे, सटवाजीचा टाळ जरा मागं पडून राहिला होता तेही कळायचं. मग गजर उतरला. आता महाराज शेवट सांगत असणार. इथं त्यातलं अक्षरही पोचत नव्हतं. नुसती चूल आणि तव्यावर पोळीचा चरचर आवाज. शेवट त्याला तोंडपाठ होता. तरी त्या वेळी, हातात पीठ घेऊन, तो ऐकायला मिळावा म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. आणि मग बेचाळीस वर्षं ध्यानात आली.

आरतीची घंटा झाली. पंगत बसू लागली. पोळ्यांची दुरडी भरली तशी रुक्माबाई दारात आली. मास्क हनुवटीवर, डोळे लाल.

"मंग?" सोनाजीनं विचारलं. "काय झालं पुढं?"

"तुमाला ठाऊक न्हाई व्हय?"

"तू सांग."

"गाढवाला पाजलं." रुक्माबाईनं पदरानं डोळे पुसले. "राजा तलवार काढतो, तरी ती गाढवालाच पाजते. अन् ते गाढव न्हाईच हो. पांडुरंग! रांजण भरून वाहायला लागतो, घाटावरून पाणी खाली... सगळं देऊळ रडलं. मीबी लई रडले. एवढं गोड असतंय शेवटाला, मला काय माहीत!"

"ऐकलं का," रूपाबाईकडं लाटणं रोखून सोनाजी म्हणाला, "गाढवालाच! तू जिंकली."

"जिंकली खरी," रुक्माबाई म्हणाली. "पण एक कळलं. म्हाराजांनी दोन कोसांवरून घागर कधी आणली न्हाई."

रूपाबाई पोट धरून हसली. सोनाजीही हसायला गेला आणि त्याला ठसका लागला. तेव्हा रुक्माबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, तोंड तव्यासारखं तापलेलं, ओठांवर पांढरी कोर.

"पाणी कधी प्यालात?"

सोनाजी आठवू लागला. "आता पंगत उठली की..."

"पंगत!" ती कोपऱ्यातल्या रांजणाकडं गेली, तांब्या बुडवला आणि निथळता तांब्या त्याच्यापुढं धरला. "आधी सोता."

तेवढ्यात बाहेरून सटवाजीची आरोळी आली, "पोळी येऊ द्या! गरम!"

"थांबा की जरा!" रुक्माबाई तिथूनच ओरडली. "सैपाकी पाणी पिऊन राहिला हाय."