बापाचा पडका दात

दादाने फोटोवरचा कागद फाडला आणि धाकटीचं डोकंच फिरलं.

"हे कुणाचं सोंग?" ती म्हणाली.

"बाबा आहेत. डोळे फुटले का तुझे?"

केस काळेभोर, गाल गुळगुळीत, अंगात निळा कोट, गळ्यात टाय, आणि हसऱ्या ओठांमागे दातांची अखंड पांढरी रांग. कर्जाच्या जाहिरातीत हसतो तसला माणूस. तिचा बाप जन्मभर दुकानांची शटरं दुरुस्त करत हिंडला. ग्रीस त्याच्या बोटांत असं मुरलं होतं की वाळत घातलेल्या कपड्यांजवळून तो नुसता गेला तरी आई ओरडायची. आणि वरचा समोरचा दात नव्हता. मरेपर्यंत नव्हता. इथे तो लखलखत होता.

"हा दात कुठून उगवला?"

"मी सांगितला घालायला," दादा म्हणाला. "बैठकीत लावायचाय. चार माणसं येतात घरी. होते तसे होते, आता तरी बरे दिसू देत."

आता तरी! धाकटीच्या तोंडात शिवी आली, ती तिने गिळली, कारण आई आतच होती. दादाला कचेरीत फिरती खुर्ची मिळाली तेव्हापासून त्याला घरातल्या एकेका गोष्टीची लाज वाटायला लागली होती. आधी पडद्यांची, मग कपबशांची, मग बापाची. मेलेल्या बापाचं बरं असतं. तो हूं की चूं करत नाही. कोट चढवा, गोरा करा, दात बसवा.

त्या दाताची हकीकत दादालाही पाठ होती. शटरच्या वर, दांड्याभोवती स्प्रिंग असते. तिला पीळ देऊन ठेवला की शटरचं ओझं तीच उचलते. असाच पीळ देताना एकदा सळई निसटली आणि सणकन बापाच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, दात गेला. सूज उतरल्यावर बापाला शोध लागला, की या खिंडीतून वारा सोडला तर रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी शिट्टी वाजते. लॉटरी लागल्यासारखा नाचला गडी. तोवर शिडीवरून ओरडून ओरडून घसा बसायचा, आणि गाड्यांच्या गोंगाटात खालच्या माणसाला ओढ ऐकू यायचं की सोड, देव जाणे. आता दोन्ही हात स्प्रिंगवर आणि हुकूम शिट्टीचा. लांब म्हणजे वर घे, तोकडी म्हणजे थांब. शिक्षण सोडून धाकटी त्याच्या हाताखाली आली ती हीच भाषा शिकली. जेवायलाही तो तिला शिट्टीनेच बोलवायचा.

दादाने त्याला एकदा दाताच्या डॉक्टरकडे ओढत नेला होता. बाप खुर्चीत बसला, आ केला, आणि उठून घरी आला.

"हत्यार आहे ते माझं," म्हणाला. "हत्यार कुणी बुजवून घेतं का?"

आणि काम झालं की त्याचा एक हट्ट असायचा. आसपासचं सगळ्यात म्हातारं माणूस धरून आणायचं आणि त्याला एका हाताने शटर उचलायला लावायचं. दोऱ्या-बटणं विकणारी ती वाकलेली बाई, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने शटर सुर्रकन वर! ती स्वतःच दचकली. "सकाळी सकाळी माणसाची कंबर मोडता कामा नये," बाप म्हणायचा. "दिवस वाईट जायचाच असेल तर दुपारपासून जाऊ दे." आणि हसायचा. खिंडीसकट, बिनलाज.

ते हसू या फोटोत नव्हतं. धाकटीला तेवढंच हवं होतं. पुढे पोरंबाळं या भिंतीकडे बघणार आणि आजोबा म्हणून हा जाहिरातवाला डोक्यात घेऊन मोठी होणार.

"आईला विचार," दादा म्हणाला. "दात बसवा, दात बसवा म्हणून जन्मभर तीच मागे लागली होती."

हे मात्र खरं होतं. आई चष्मा पुसत बाहेर आली. आईने हो म्हटलं की विषय संपला.

आईने फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितला.

"दात काढायला सांग रे."

"अगं, पण तूच तर—"

"मी भांडत होते त्यांच्याशी. ह्याच्याशी काय भांडू?"

"आणि कोटही काढायचा," धाकटी उसळली. "टाय, कोट, सगळं!"

"कोट राहू दे."

"का म्हणून?" धाकटीने विचारलं.

"शिंप्याच्या दुकानाचं शटर होतं," आई म्हणाली. "मी डबा घेऊन गेले होते. तिथे कुणाचा तरी तयार कोट टांगलेला. करडा. ह्यांनी साबणाने हात घासघास घासले, शिंप्याला म्हणाले, घालून बघू का? आरशासमोर असे वळले, तसे वळले. मी म्हटलं, शिवून घ्या की एक. तर म्हणाले, नको, धाकटी हसेल. म्हणेल बाप साहेब झाला."

हसली असती धाकटी. खो खो हसली असती, गल्लीभर सांगितलं असतं.

"मग मला सांगायचं नाही का कुणी?"

"तू कुणाचं ऐकतेस?"

संध्याकाळी दोघं भावंडं फोटोवाल्याच्या पाठीमागे, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभी होती. कोट करडा झाला. टाय गेला. केस पांढरे झाले. मग फोटोवाल्याने दात पुसला आणि विचारलं, "एवढं बास?"

धाकटी हो म्हणणार तोच दादा पुढे वाकला.

"नाही. अजून रुंद. आणि बाजूचा दात थोडा आत कललेला होता. आणखी थोडा. हां... हां, बस." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

धाकटी त्या कोटाकडे बघत होती. खांद्यात बसला होता, बाहीत बसला होता. साला, शोभत होता बापाला.