थॉर्नबरीच्या खांबाचे अश्रू

ऊन तापलं की थॉर्नबरी हवेलीचा डावा खांब रडायला लागे, आणि अंगणात जमलेलं अर्धं मिसिसिपी राज्य त्याच्यासोबत. वसंतात हवेली बघायला येताना आमच्याकडच्या बायका पिंपाएवढ्या घेराचे जुन्या जमान्यातले झगे घालतात. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की व्हरांडा भरतो. त्यातूनही वाट काढून लोक खांबाखाली बाटल्या धरत होते.

"रडा, मिस युफीमिया, रडा!" आमचा धर्मोपदेशक ब्रदर डेलमार गरजला. "दीडशे वर्षं मालकीणबाईंचा जीव या खांबात कोंडलाय! हे अश्रू गुडघ्याला लावा, गुडघा नाचेल! पण घराला हातोडा लावाल, तर अश्रू आटतील!"

म्हणून दुरुस्ती बंद. छप्पर गळत होतं, खांब कुजत होता, आणि हवेलीची समिती त्याला पावित्र्य म्हणत होती. मी तिथला गाईड. पाहुण्यांना सांगायचो, "जपून चाला, डोक्यात पावित्र्य पडेल."

व्हर्लीनमावशी मात्र हसायची नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची. खांबाच्या बुंध्याशी, भिंतीतल्या एका विटेवर चार चिमुकल्या बोटांचे ठसे होते. इथल्या विटा आमच्या गुलाम पूर्वजांनी थापल्या, पोराबाळांसकट. त्या पोराचं ना नाव उरलं, ना थडगं. फक्त ती वीट. आणि ती भिजून भुगा होत होती.

"वरच्या खोलीत एसी कुणी बसवला रे?" मावशीनं विचारलं.

"ब्रदरनं. त्याला प्रार्थना करताना घाम येतो."

"आणि एसीचं पाणी कुठे जातं?"

मावशी वर गेली, खाली आली. हातात द्राक्षाच्या सरबताची रिकामी पुडी.

थोड्याच वेळात खांबाला जांभळे अश्रू फुटले. एका बाईनं बोट चाटलं. "अगं, गोड आहेत!"

"स्वर्गाची वाइन!" ब्रदर गहिवरला. लोक गुडघे विसरून पेले मागू लागले.

"सरबत आहे ते!" मावशी कडाडली. "एसीच्या पाण्यात मी कालवलं!" तिनं खांबाची फळी ओढली, ती ओल्या पावासारखी तुटून हातात आली. आत नळी लोंबत होती. "ऊन वाढलं की एसी चालतो, एसी चालला की तुमची मालकीण रडते. जा रे, बंद कर तो."

मी बंद केला. मिस युफीमियाचं दीडशे वर्षांचं दुःख पाचेक मिनिटांत आटलं.

"मिस व्हर्लीन, हा श्रद्धेचा अपमान आहे!"

"डेलमार, हे निळं छत आमच्या माणसांनी रंगवलं, भुतं बाहेर राहावीत म्हणून. तो रंग चालत असता तर तू व्हरांड्यात शिरलास कसा?"

ब्रदर प्रार्थना करायला गाडीत जाऊन बसला. गाडी अजून परतलेली नाही.

लोक हसले. मावशी विटेपाशी वाकली होती. तीन बोटं उरली होती.

"हसताय काय?" तिचा आवाज फाटला. "माणसं विकणाऱ्या बाईसाठी बाटल्या भरल्यात, आणि तिच्या खोट्या अश्रूंनी या लेकराचं बोट पुसलंत! पाणी दिसलं की हात जोडण्याआधी एकदा तरी विचारा ना, हे येतंय कुठून?"

बोट चाटलेल्या बाईनं बाटली गवतावर ओतली. "शिडी आहे का? छपरावर चढते," ती मला म्हणाली. त्या झग्यासकट.

आता मी पाहुण्यांना आधी ती वीट दाखवतो. मग सांगतो, खांब रडत नाहीत, गळतात. आणि गळणाऱ्या घराला दुरुस्ती लागते, आरती नाही.