डाव्या बाजूचं ट्रम्पेट

दाजींच्या घरात माणसं दोन आणि सीडी हजारभर, तेव्हा घर नक्की कुणाचं हे वेगळं सांगायला नको. सगळ्या सीडी जॅझच्या. तरुणपणी कुठल्याशा जुन्या बाजारात चार वादकांच्या एका चौकडीची सीडी हाती लागली, ती ऐकून गडी जो वाहवला तो वाहवलाच.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर त्यांच्याच हाताखाली लागला, आणि त्याचं ऐकून कंपनीतला साहेबसुद्धा दाजी म्हणू लागला. त्या मेव्हण्याला मात्र झाडून सगळे भोंगा म्हणत. का म्हणत, हा प्रश्न तो तोंड उघडेपर्यंतच पडायचा.

बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून ती बाई. जॅझबद्दल बाईंचं मत पक्कं होतं. आधी सगळे मिळून एक धून वाजवतात, मग एकेक जण वाट चुकतो, आणि शेवटी सगळे कसेबसे घरी परततात, यात ऐकायचं काय, असं त्या म्हणायच्या. तरी बिचारीनं कधी आडकाठी केली नाही. पण सीडी कपड्यांच्या कपाटात शिरल्या तेव्हा तिनं सांगून टाकलं की आता एक तर त्या तरी किंवा मी तरी. दाजींनी तिच्यावर उपकार करावेत तसं ठरवलं, की सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आणि खोकी तळघरात टाकायची.

काम वेळखाऊ होतं, पण दाजींना असल्या कामाची भारी हौस. सीडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसायची, ड्राइव्हमध्ये घालायची, कॉम्प्युटर तिच्यावरचं गाणं फाइलमध्ये उतरवून घेणार. उतरवून झालं की तो प्रोग्राम ती फाइल जगभरातल्या लोकांनी त्याच सीडीवरून उतरवलेल्या फाइलींशी ताडून बघायचा. तंतोतंत जुळली तर हिरव्या अक्षरांत ‘अचूक’, नाही तर लाल. मग दाजी हेडफोन लावून एकदा ऐकायचे आणि सीडी खोक्यात. बाईंच्या डोक्याला ताप नको म्हणून ऐकणं नेहमी हेडफोनवरच.

आणि एका रविवारी दुपारी ट्रम्पेट नाहीसं झालं.

जुन्या रेकॉर्डिंगांची एक गंमत असते. दोन बाजूंनी वेगळा आवाज ऐकवता येतो हे तेव्हा नवीन होतं, त्यामुळे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी हौसेनं एक वाद्य पार एका बाजूला आणि दुसरं पार दुसऱ्या बाजूला बसवलेलं असतं. त्या दिवशीच्या सीडीत ट्रम्पेट डावीकडे, ड्रम आणि बास उजवीकडे. दाजींना ती पाठ होती. पण त्या दुपारी उजवीकडे ड्रम झकास वाजत होते आणि डावीकडे ट्रम्पेट म्हणजे शेजारच्या घरात कुणीतरी दार लावून वाजवत असावं तसं. दाजींनी फाइल थांबवली. सीडी काढून पुसली आणि परत उतरवली. हिरवं ‘अचूक’ आलं, पण ट्रम्पेट काही आलं नाही.

दोन दिवस आधीपासून त्यांच्या डाव्या कानाला दडा बसला होता. सर्दी असेल, उतरेल, असं म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता ते आठवलं. पण माणूस असा वस्ताद, की कानाचा विचार त्यांनी तिथंच झटकला आणि ठरवलं, की सीडी खराब झाली आहे.

झालं, मग काय विचारता. दाजींनी दुसरी सीडी लावली, तिसरी लावली. सगळ्यांची डावी बाजू मेलेली. म्हणजे ड्राइव्ह बिघडला. नवा ड्राइव्ह आणला. तोही तसाच. म्हणजे वायर. वायर बदलली. मग साबणाच्या कोमट पाण्यात सीडी धुऊन पंच्यावर वाळत घातल्या. जेवायचं टेबल आठवडाभर त्या चकत्यांनी भरलेलं, आणि बाई ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या. इंटरनेटवर अशा शौकिनांचा एक गट होता. तिथल्या एका पेन्शनर गृहस्थांनी आपल्या सीडीवरून उतरवलेली फाइल पाठवली. तिच्यातही ट्रम्पेट नव्हतं. तेव्हा दाजींनी काय निष्कर्ष काढावा? तर त्या गृहस्थांचीही सीडी सडलेली आहे! बरं, वेडा म्हणावा तर तसाही माणूस नव्हे. दुसऱ्याच्या लिफ्टमधला बिघाड हा गडी नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

खरं म्हणजे ते ‘अचूक’ हिरवं उमटलं की त्यांना धडकी भरायची. लाल आलं असतं तर त्यांच्या जिवात जीव आला असता. दर वेळी ते मनातल्या मनात म्हणायचे, लाल ये, बाबा, एकदा लाल ये. कारण सीडी चांगली, ड्राइव्ह चांगला, फाइल चांगली, तर मग वाईट ते काय उरलं, हे कळायला बाईंचं गणित लागत नव्हतं. दाढी करताना, बसमध्ये, जेवताना तो विचार यायचा. लिफ्टच्या कामाला कान लागतो. कान गेला तर काम गेलं, आणि काम संपल्यावर घरी येऊन ज्याच्यासाठी जगायचं तेही गेलं. दाजी घाबरले होते, सरळ सांगायचं तर फार घाबरले होते. आणि घाबरलेला माणूस डॉक्टरकडे जातो हे खरं असलं तरी फार घाबरलेला माणूस जात नाही.

बाईंना वाटलं होतं, नेहमीचंच खूळ आहे. एकदा वह्या तपासता तपासता त्या सहज म्हणाल्या, “अहो, तो हेडफोन उलटा घालून बघा ना. डावा उजवीकडे. मशीनमध्ये खोट असेल तर ती पण बाजू बदलेल.”

“बघतो,” दाजी म्हणाले.

बघितलं मात्र नाही. एका क्षणाचं काम होतं, आणि नेमकं म्हणूनच हात धजेना. हेडफोन उलटा केला की उत्तर मिळणार, आणि ते उत्तर परत करता येणार नव्हतं. उलट बाईंवरच ते फणकारले, की तुम्हाला यातलं काय कळतं. बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत वह्यांत डोकं घातलं.

अशात ते काम आलं. एका जुन्या इमारतीतली लिफ्ट. केबिनच्या छतावर, देखभाल करणाऱ्याला केबिन चालवता यावी म्हणून असतं ते बटण जळालं होतं. नवं बटण बसवून झालं, पण त्याच्या तारा अजून जोडलेल्या नव्हत्या, आणि शाफ्टच्या, म्हणजे केबिन वर-खाली जाते त्या उभ्या विहिरीच्या, भिंतीतल्या पट्ट्या तपासायच्या राहिल्या होत्या. अशा वेळी एकानं वर मोटरच्या खोलीतून केबिन चालवायची, दुसऱ्यानं छतावर उभं राहून सांगायचं, चल, थांब, चल, थांब. नियमानं दोघांकडे वॉकीटॉकी हवा. पण भोंग्यासारखा आवाज असताना वॉकीटॉकी कशाला, हा त्या दोघांचा वर्षानुवर्षांचा विनोद होता. दाजी मोटर उजवीकडे ठेवून उभे राहायचे आणि दोर जातात त्या जमिनीतल्या भोकाकडे डावा कान करायचे. खोलीत उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

त्या दिवशी जिना चढताना दाजींच्या मनात आलं, सांगावं. म्हणावं, आज माझा कान बरा नाही. मग वाटलं, सांगितलं की ते खरं होईल. भोंगा केबिनच्या छतावर उतरताना कुठल्यातरी मित्राच्या लग्नातली फजिती सांगत होता. त्याची बडबड खालून येत होती, अर्धी कळत होती, आणि दाजींनी स्वतःची समजूत घातली की अर्धी पुरे.

चल, असं ऐकल्यासारखं वाटलं. दाजींनी केबिन वर घेतली. मोटर घरघरत होती. त्यांना आपलं वाटत होतं, आता थांब म्हणेल, आता म्हणेल. दोर चालतच राहिला. आणि एकदम खटका पडून मोटर बंद झाली.

दाजींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी भोकापाशी गुडघे टेकून उजवा कान खाली लावला. खालून भोंग्याचा श्वास ऐकू येत होता. नुसता श्वास. दाजी जिना उतरून धावले.

भोंगा छतावर पालथा पडला होता. वरची लोखंडी तुळई अंगावर येताना पाहून तो आडवा झाला होता आणि त्यानं हात लांबवून छतावरचं, तातडीनं लिफ्ट थांबवायचं वेगळं लाल बटण दाबलं होतं. त्याच्या शिरस्त्राणावर लांबलचक ओरखडा उमटला होता. बाहेर काढल्यावर तो पायरीवर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “दाजी, बोंबलून बोंबलून घसा फाटला की माझा. होतात कुठं?”

“मोटरचा आवाज फार होता,” दाजी म्हणाले.

भोंग्यानं ते निमूट मानलं. दाजींवर अविश्वास दाखवायची त्याला सवयच नव्हती. थोड्या वेळानं तो त्या ओरखड्याचेच विनोद करायला लागला.

दाजी दुपारीच घरी आले. बाई शाळेत होत्या. त्यांनी बूटही काढले नाहीत. पहिल्या दिवशीची ती फाइल लावली, हेडफोन हातात घेतला, उलटा केला आणि घातला.

उजव्या कानात ट्रम्पेट वाजलं. स्वच्छ, झळझळीत, वाजवणाऱ्याच्या ओठांची थरथर कळावी इतकं जवळ. आणि डावीकडे ड्रम गेले, बास गेला, सगळं गेलं. दाजी ती धून शेवटपर्यंत ऐकत राहिले. इतके दिवस ज्याला शोधत होते ते सापडलं होतं, आणि आपण काय करून बसलो हेही कळलं होतं.

बाई आल्यावर त्यांनी कानाचं सांगितलं. शाफ्टमधलं सांगवलं नाही. बाईंनी रिक्षा बोलावली आणि पर्ससुद्धा न बदलता त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कान तपासायचा लोखंडी चिमटा वाजवून कपाळावर टेकवला, एका बंद खोलीत बसवून यंत्रावर तपासलं, आणि विचारलं कधीपासून. दाजींनी खरं ते सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. कानाची नस अशी अचानक जाते, कारण बहुधा सापडत नाही, म्हणाल्या. लगेच औषध सुरू झालं तर पुष्कळदा परत येते. आता गोळ्या देऊ, कानात इंजेक्शन देऊ, पण फार आशा धरू नका. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दाजींना वाटलं.

परतताना बाई एवढंच म्हणाल्या, की त्या चकत्या टेबलावर वाळत घातल्या होत्या तेव्हाच मला कळायला हवं होतं.

औषधं झाली, इंजेक्शनं झाली. कान आला नाही. कंपनीला कळवायला हवं होतं, पण त्याआधी दाजींनी भोंग्याला घरी बोलावलं. तो आला, कानाचं ऐकून त्याला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो जास्तच बोलायचा. एका कानावर जग चालवणारे किती आहेत, दाजी वर्कशॉपमध्ये बसतील, धावपळ मी करीन, असं काय काय तो बोलत सुटला. दाजींना ते ऐकवेना. आत्ता गप्प राहिलो तर हा जन्मभर आपल्याला चांगला म्हणणार, हे त्यांना कळत होतं, आणि तसं झालेलं चालेल असंही एक मन म्हणत होतं. त्यांनी त्याला हातानं थांबवलं.

“त्या दिवशी मोटरचा आवाज नव्हता,” दाजी म्हणाले. “मला तू ऐकू आला नाहीस.”

भोंगा म्हणाला, हो, आता कळलंच की ते.

“तसं नव्हे. मला आधीच शंका होती. वर चढताना तुला सांगणार होतो. घाबरलो, आणि नाही सांगितलं.”

बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी कोणता दिवस, काय झालं, असं विचारलं, आणि भोंग्यानं पहिल्यांदाच विनोद न करता दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी हातातला कप खाली ठेवला. तो त्यांचा पाठचा भाऊ होता. आई गेल्यावर त्यांनीच वाढवलेला.

मग भोंगा उठला, चपला घातल्या. दाराशी जाताना तो दाजींच्या डाव्या बाजूनं गेला, आणि जाता जाता काहीतरी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. दाजींना त्याचे ओठ हललेले दिसले, शब्द एकही कळला नाही. दार लागलं.

“काय म्हणाला?” दाजींनी विचारलं.

बाई उठल्या, खुर्ची उचलून त्यांच्या उजवीकडे आल्या आणि बसल्या.

“म्हणाला, मला सांगितलं असतं तर त्याच पावली खांद्यावर टाकून डॉक्टरकडे नेलं असतं.”

दाजींनी मान हलवली. त्या उठून कप विसळायला गेल्या, आणि दाजी तिथंच बसून राहिले.