काजळाचे ठिपके

गोरेगावजवळच्या त्या गावात धानाची निंदणी चालू होती. गोमतीबाईंच्या घरातून मात्र त्या दिवशी कोणी बांधावर गेलं नाही. धाकटी सून रविता पहाटेपासून रडत होती. कारण विचारलं तर तिलाच सांगता येईना. डोकं ठणकत होतं, छाती भरून दुखत होती, हातातल्या बांगड्या घट्ट झाल्या होत्या, आणि मघाशी तिनं भाजीचं पातेलं अंगणात भिरकावलं होतं.

"आली ते," गोमतीबाई पुटपुटल्या आणि भिंतीवरच्या २००८च्या कॅलेंडरवर त्यांनी काजळाचा ठिपका लावला.

आली म्हणजे थोरली सून चंद्रकला. नऊ वर्षांपूर्वी ती शेतातल्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, बुडून मेली. तीही अशीच रडायची, अशीच भांडी फेकायची. आता तीच धाकटीच्या अंगात येते, असं बकाराम भगताचं म्हणणं. आली की काजळाचा ठिपका लावायचा आणि सुनेला मिरचीच्या धुरात बसवायचं. चार दिवसांनी सून बाहेर बसली की बाधा उतरायची. मग कुंकवाचा ठिपका लागे आणि भगताला नारळ पोचे. भगताला फुकटचं श्रेय मिळत होतं.

रविताचा नवरा तिलक तिला भगताकडे न्यायला फटफटी आणायला गेला होता, तेवढ्यात गावची आशा कार्यकर्ती अल्का लसीकरणाची यादी घेऊन आली. तिची नजर कॅलेंडरवर थांबली.

"काकू, हे काळे ठिपके कायचे?"

गोमतीबाईंनी सांगितलं. अल्कानं सात महिन्यांवरून बोट फिरवलं.

"दर महिन्याले काळे चार, न मंग लाल. भूत का तारीख पाहून येते, काकू?"

"म्हंजे?"

"हे पाळीच्या आधीचं दुखणं आहे. थोडंफार तं बहुतेक बायांले होते. कोणाचं डोकं दुखते, कोणाचं अंग फुगते, कोणाले उगाच रडू येते. एखादीले हिच्यासारखं लय होते. डॉक्टरले दाखवा तिले. तुमाले नोयतं का होत?"

गोमतीबाईंना आठवलं. तरुणपणी चुलीपुढे बसून त्याही रडायच्या आणि ओल्या लाकडांवर खापर फोडायच्या. महिन्यातून तीन-चार दिवस, नेमानं.

अल्का गेली तशी त्यांनी लोखंडी पेटी उघडली. तळाशी अंथरलेलं १९९९चं कॅलेंडर काढून पाहिलं. तेव्हाचे ठिपकेही त्यांनीच लावलेले. तेव्हा चंद्रकलेच्या अंगात पिंपळावरची कोणी हडळ येते, असं भगतानं सांगितलं होतं.

दारात फटफटी थांबली.

"माय, मिरच्या घेतल्या का? भगत वाट पाहून राहिला."

गोमतीबाई उंबरठ्यात उभ्या राहिल्या.

"तिथं नाई जायचं. तिले दवाखान्यात ने."

"काऊन? न वहिनी अंगात येऊन राहिली ते?"

"वहिनी नाई येऊन राहिली, बापा. तिलेबी हेच दुखणं होतं. आपण तिले धुरात कोंडलं, म्हणून धावली ते बोडीकडे."

तिलकला पटेना. तेव्हा त्यांनी ते पिवळं पडलेलं कॅलेंडर त्याच्या हातात दिलं. तो एकेक महिना पाहत गेला. ऑगस्टपर्यंत दर महिन्याला चार काळे आणि मग एक लाल. चंद्रकला गेली त्या सप्टेंबरात काळे तीनच होते; चौथ्या दिवसाचा चौकोन कोरा होता. त्यापुढे कुंकू लागलंच नव्हतं. आतून रविताचं रडणं ऐकू येत होतं, आणि दोघं मायलेक त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहत राहिले.