काकूकडे उतरणारा खोकला

वोनोसोबोच्या डोंगरउतारावर त्या सकाळीही दाट धुकं होतं. वार्तिनी चुलीपाशी मक्याची कणसं सोलत होती आणि तिची आठ वर्षांची लेक सेकार खोकून खोकून वाकली होती. दम्याचं औषध चालू असूनही आता खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडत होत्या. जरा बरं वाटलं की पोर धाकट्या काकूकडे, मुर्नीकडे पळायची. तिच्या उन्हाच्या, कोरड्या घरात दोन दिवस राहिली की खोकला उतरायचा. परतली की पुन्हा उसळायचा.

हेच वार्तिनीला सलत होतं. मुर्नीला मूलबाळ नव्हतं, तरी सासूबाईंच्या तोंडी तिचंच कौतुक. आता पोटची पोरही तिचीच होऊन बसली होती.

शेवटी वार्तिनी गावच्या मांत्रिकाकडे गेली. त्याने वाटीतलं पाणी न्याहाळून विचारलं, घरातलं कोण जळतं तुमच्यावर? जळत होती वार्तिनीच. पण तिने नाव घेतलं जावेचं.

तेवढं पुरलं. पोरीवर मुर्नीनेच करणी केली, असं गावभर झालं. मुर्नीला गावजेवणाचं बोलावणं येईना. तिने पाठवलेला भात शेजारी कोंबड्यांपुढे टाकू लागले. सेकारला तिचा उंबरा बंद झाला आणि खोकला थांबेचना. पोरीचे ओठ निळे पडले, तेव्हा कुठे तिला शहरातल्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, मग घराची चौकशी केली. वार्तिनीने सांगितलं: भिंतींना ओल, त्यावर काळे डाग, पोरीच्या खाटेच्या अगदी वर मक्याचा माळा.

"दमा असलेल्या काही मुलांना बुरशीचं वावडं असतं," बाई म्हणाल्या. "ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि आत सूज येते. औषधाने आवरेल, पण त्या खोलीत तिला झोपवू नका. दुसरीकडे कुठे बरं वाटतं तिला?"

उत्तर देताना वार्तिनीला मान वर करवेना.

ती गावी परतली, तर मुर्नीला हाकलायला बैठक बसलेली. सासूबाईंनी वार्तिनीला बाजूला ओढून बजावलं, पोर वाचली ना, आता गप्प राहा, घराची अब्रू जाईल.

वार्तिनी पुढे झाली. "हिने काही केलेलं नाही. बुरशी माझ्या घरात होती. जळत मी होते, आणि नाव हिचं सांगितलं."

माणसं उठून गेली. मुर्नीची माफी एकानेही मागितली नाही.

मुर्नीने सेकारला आत घेतलं. वार्तिनीला मात्र 'ये' म्हटलं नाही.

पुढे गावात कुणाचं पोर खोकू लागलं की वार्तिनी मांत्रिकाच्या वाटेवर आडवी उभी राहायची, आयांना इस्पितळाकडे वळवायची. काकूच्या घरातून लेकीचं हसू ऐकू आलं की तिच्या काळजात अजूनही कळ उठायची. ती कळ मात्र तिने पुन्हा कुणाच्या माथी मारली नाही.