चिंचेचा ओंडका आणि न पाळलेले एकवीस दिवस

मित्रांनो, बंगालमधल्या बराकपूरच्या इद्रिसचाचांच्या धाकट्या लेकीचं लग्न ज्या वर्षी झालं, त्या वर्षी मांडवाला आड येणारं चिंचेचं झाड तोडलं गेलं. त्याच झाडाचा मी एक जुना ओंडका आहे. खाटीक माझ्यावर मांस तोडतो. नाक मुरडू नका. नाक मुरडणारेच पंगतीला आधी बसतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

चाचांचा धंदा रेड्याच्या मांसाचा. जनावर आणलं की ते नव्वद दिवस स्वतः चारत. हिरवा चारा, भाताचा कोंडा, मसुरीची चुणी. "नुसत्या पेंढ्यावर ठेवला तर रेडा नाही, चप्पल खावी लागेल," असं म्हणत. कापताना मांसात चरबीच्या बारीक रेषा दिसल्या की मला थाप मारत. "खाल्लेलं लपत नाही बघ!"

हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी मला बालीगंजच्या एका हॉटेलात, गुरुदत्तकडे दिलं. गुरुदत्त साताऱ्याचा आचारी. मांस मुरवणं त्याला चाचांनीच शिकवलं. थंड खोलीत एकवीस दिवस टांगायचं, वारा खेळता ठेवायचा, वरची काळी साल काढून टाकायची. आतले धागे आपोआप सैल होतात. हॉटेलचे मालक दासबाबू यांना या सगळ्यातला फक्त आकडा समजला. तो त्यांनी मेनूवर सोनेरी अक्षरांत छापला.

चाचांनी शेवटचा रेडा पोसून पाठवला, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मालकांनी सांगितलं होतं, हॉटेलात खास जेवायला बोलावणार त्या मोठ्या पाहुण्यांना मांस आवडलं तर पुढे चाचांच्या मुलाकडूनच घेऊ, नाहीतर पिशवीतलं गोठवलेलं आणू. म्हाताऱ्याचा जीव त्या एका जेवणात अडकला होता.

गुरुदत्त श्रावणात मांस शिजवी, पण जिभेला लावत नसे. म्हणून ठरलं की श्रावण संपल्यावर त्याने चाखायचं आणि मगच वाढायचं. मालकांनी आपलं बंगाली पंचांग उघडलं, त्यात श्रावण आधीच संपतो, आणि ऑगस्टच्या मध्यावर पाहुणे बोलावून मोकळे झाले.

"बाबू, माझा श्रावण अजून पंधरा दिवस आहे."

"अरे, कालच संपला की!"

"तुमचा संपला. आणि मांस टांगून सहाच दिवस झालेत."

"मेनूवर एकवीस लिहिलंय ना? मग झालं. खाणाऱ्याला काय कळतंय!"

सुरी माझ्यावर अडखळत चालली. पाहुण्यांचं काय सांगू! एक बाई "अगदी लोणी!" म्हणाल्या आणि चावून थकलेला घास त्यांनी रुमालात लपवला. मुख्य पाहुण्याने मात्र विचारलं, "जनावर म्हातारं होतं का हो?"

"खाटकाने फसवलं," मालक म्हणाले. घास गिळावा तितक्या सहज म्हणाले. दुसऱ्या दिवशी गोठवलेल्या पिशव्या आल्या.

गुरुदत्तने मात्र एक तुकडा तसाच टांगून ठेवला होता. श्रावण सरल्यावर त्याने तो माझ्यावर ठेवला, तेव्हा सुरी स्वतःच्या वजनानेच खाली उतरली. त्याने भाजला, आधी स्वतः चाखला, मग मालकांपुढे ठेवला.

"वा! हे कुठून मागवलंस? त्या खाटकाला असं द्यायला काय झालं होतं?"

"त्याचाच रेडा आहे, बाबू. तेव्हा तुम्हाला दम निघाला नाही."

मालकांचा घास तोंडातच राहिला. मग म्हणाले, "उद्या चाचांना बोलावून घे. मी बोलतो त्यांच्याशी."

गुरुदत्त मला मीठ लावून घासत राहिला.

मित्रांनो, मला रोज घासा, उन्हात ठेवू नका, तडा जातो. जनावराला पोटभर चारा. आणि ज्याला वेळ लागतो त्याला वेळ द्या. तेवढा दम नसेल तर निदान आपलं पाप दुसऱ्याच्या नावावर ढकलू नका. नाव मुरायला एकवीस दिवस नाही, उभा जन्म लागतो.

मालकांनी चाचांना बोलावून घ्यायला सांगितलं, त्याच्या तीन दिवस आधीच इद्रिसचाचा, एक सप्टेंबर दोन हजार चोवीसला, रविवारी पहाटे बराकपूरच्या घरी वारले.